सॅटेलाइटला युद्धभूमी खरंच लाईव्ह दिसते का?

मे २०२५ मधली गोष्ट. भारत-पाकिस्तान संघर्ष चालू होता आणि आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दर दहा मिनिटांनी काहीतरी येऊन पडत होतं. त्यात एक व्हिडिओ आला. वरून घेतलेला, काळा-पांढरा, मधोमध नेम धरल्यासारखं अधिकचं चिन्ह, खाली पळणाऱ्या गाड्या आणि मग स्फोट. सोबत मजकूर: 'सॅटेलाइटवरून लाईव्ह, फॉरवर्ड करा'. अकरावीतल्या मामेभावाने मला लगेच टॅग केलं, "दादा, हे खरं आहे का रे?"

मला तो बघताक्षणीच गेममधला वाटला. 'आर्मा ३' नावाच्या गेममधल्या क्लिप खऱ्या युद्धाच्या म्हणून इतक्या फिरतात की २०२२ मध्ये तो गेम बनवणाऱ्या कंपनीलाच त्याबद्दल निवेदन काढावं लागलं होतं. पण भावाचा पुढचा प्रश्न जास्त चांगला होता. "ठीक आहे, हे खोटं. पण खऱ्या सॅटेलाइटला काय दिसतं? एवढे सॅटेलाइट वर आहेत, तर शत्रूची प्रत्येक गाडी दिसत असेल ना?"

त्याला तेव्हा दोन ओळींत उत्तर दिलं होतं. हे त्याचं सविस्तर उत्तर.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. मी सैन्यात नाही, संरक्षण क्षेत्रातही नाही. मी सॉफ्टवेअर लिहितो. आधीच्या नोकरीत दोन वर्षं सॅटेलाइट फोटोंमधून शेततळी ओळखणाऱ्या सॉफ्टवेअरवर काम केलं. शेततळं पळत नाही, लपत नाही, स्वतःवर जाळी टाकून झाडाखाली जाऊन बसत नाही. तरीही ते बरोबर ओळखताना आमची किती दमछाक झाली ते मला माहीत आहे. त्यामुळे 'सॅटेलाइटला सगळं दिसतं' असं कोणी म्हटलं की मला त्या तळ्यांची आठवण येते.

एका जागी थांबून का बघत नाही?

सिनेमात काय दाखवतात? कंट्रोल रूममध्ये कोणीतरी म्हणतं, "झूम कर," आणि सॅटेलाइट एका माणसाच्या डोक्यावर थांबून त्याचा पाठलाग करतो. हे का होत नाही ते समजलं की पुढचं बरंच सोपं होतं.

पृथ्वीवरच्या एकाच जागेच्या वर स्थिर दिसणारे सॅटेलाइट असतात. ते विषुववृत्ताच्या वर सुमारे ३६,००० किलोमीटरवर असतात. घराच्या गच्चीवरची डिश टीव्हीची छत्री अशाच सॅटेलाइटकडे तोंड करून बसलेली असते, म्हणून ती सारखी फिरवावी लागत नाही. मग कॅमेरा तिथेच का नाही लावायचा?

कारण प्रकाशाचा स्वतःचा एक नियम आहे. दूरची वस्तू किती बारीक दिसेल हे कॅमेऱ्याच्या भिंगाच्या किंवा आरशाच्या रुंदीवर अवलंबून असतं. अंतर दुप्पट झालं तर तेवढंच बारीक दिसण्यासाठी आरसाही दुप्पट रुंद लागतो. इथे मेगापिक्सेल वाढवून काही उपयोग नाही, तुमच्या फोनच्या जाहिरातीत काहीही लिहिलेलं असो. गणित केलं तर ३६,००० किलोमीटरवरून जमिनीवरचा १ मीटरचा तपशील वेगळा दिसायला जवळपास २२ मीटर रुंदीचा आरसा लागतो. आजवर अंतराळात पाठवलेल्या सर्वांत मोठ्या दुर्बिणीचा, म्हणजे जेम्स वेबचा आरसा ६.५ मीटरचा आहे, आणि तोसुद्धा घडी घालून न्यावा लागला. चीनचा गाओफेन-४ तेवढ्या उंचीवरून फोटो काढतो, पण त्याचं रिझोल्यूशन सुमारे ५० मीटर आहे. आपला हवामानाचा इन्सॅट-३डीएस तिथूनच ढगांचे फोटो पाठवतो, त्यात साध्या प्रकाशातला एक पिक्सेल म्हणजे १ किलोमीटर. ढग बघायला हे उत्तम आहे, पण रणगाडा शोधायला नाही.

म्हणून खाली यावं लागतं, साधारण ५०० किलोमीटरवर. हबल दुर्बिणीएवढा २.४ मीटरचा आरसा असेल तर इथून १३ सेंटीमीटरपर्यंतचा तपशील मिळू शकतो. हे कागदावरचं गणित झालं, पण प्रत्यक्षात त्याची एक झलक जगाने पाहिली आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये इराणच्या सेमनान प्रांतातल्या तळावर एक रॉकेट उड्डाणाआधीच फुटलं. दुसऱ्या दिवशी डोनाल्ड ट्रम्प यांनी त्या तळाचा इतका स्पष्ट फोटो ट्विट केला की लॉन्चपॅडभोवतीच्या कडांवर लिहिलेली अक्षरंही दिसत होती. हौशी आकाश निरीक्षकांनी फोटोतल्या सावल्या आणि कोन मोजून तो अमेरिकेच्या कुठल्या गुप्त सॅटेलाइटने काढला हेसुद्धा काढलं: यूएसए-२२४. रिझोल्यूशन १० सेंटीमीटरच्या आसपास असावं असा अंदाज निघाला. मला त्या फोटोपेक्षा या हौशी लोकांचं जास्त कौतुक वाटतं.

पण खाली आलं की थांबता येत नाही. ५०० किलोमीटरवर टिकून राहायचं तर सेकंदाला ७.६ किलोमीटरच्या वेगाने पळावंच लागतं. मुंबई ते नागपूर एवढं अंतर पावणेदोन मिनिटांच्या आत संपतं. सुमारे ९५ मिनिटांत पृथ्वीला एक फेरी होते, पण तेवढ्यात खाली पृथ्वीही फिरलेली असते, त्यामुळे पुढच्या फेरीत सॅटेलाइट आपल्या अक्षांशावर जवळपास अडीच हजार किलोमीटर पश्चिमेला सरकलेला असतो. थोडक्यात, एका सॅटेलाइटला तुमची जागा नीट दिसते ती काही मिनिटं. मग तो गेला. परत कधी येईल ते ठरलेलं.

आणि 'ठरलेलं' हीच पहिली मोठी अडचण आहे.

पोखरणचं टाइमटेबल

डिसेंबर १९९५ मध्ये भारताची अणुचाचणीची तयारी अमेरिकी सॅटेलाइटनी पकडली होती. अमेरिकेचे तेव्हाचे राजदूत फ्रँक विस्नर यांनी भारतीय अधिकाऱ्यांसमोर फोटोच ठेवले आणि चाचणी बारगळली. त्यातून आपण धडा घेतला. १९९८ मध्ये लष्कराच्या ५८ इंजिनिअर रेजिमेंटने पोखरणला मुख्य कामं रात्रीच्या अंधारात केली. पहाट व्हायच्या आत यंत्रं, गाड्या जिथल्या तिथे उभ्या. वरून सकाळी बघणाऱ्याला वाटावं की काल होतं तेच आज आहे. शास्त्रज्ञ लष्करी गणवेशात वावरत होते, अब्दुल कलाम 'मेजर जनरल पृथ्वीराज' झाले होते. ११ मे १९९८ रोजी स्फोट झाले आणि अमेरिकेच्या गुप्तचर यंत्रणेला ते आपल्या घोषणेनंतर कळलं.

लक्षात घ्या, इथे कोणी सॅटेलाइट हॅक केला नाही, जॅम केला नाही. तो कधी डोक्यावर असतो एवढंच पाहिलं. कक्षा लपवता येत नाही. आज तर हजारो सॅटेलाइटच्या कक्षांची माहिती सार्वजनिक आहे, आणि हेवन्स-अबव्हसारखं ॲप तुमच्या गावावरून कोणता सॅटेलाइट किती वाजता जाणार ते सांगतं. शिवाय फोटो काढणारे बरेच सॅटेलाइट मुद्दाम अशा कक्षेत ठेवतात की ते कुठल्याही जागेवरून स्थानिक वेळेनुसार रोज साधारण एकाच वेळी जातात, बहुतेकदा सकाळी साडेदहाच्या आसपास. सावल्या सारख्या पडतात, म्हणून कालच्या आणि आजच्या फोटोंची तुलना सोपी जाते. पण लपणाऱ्याचंही काम त्यामुळे सोपं होतं.

मग उपाय काय? सॅटेलाइट वाढवा. प्लॅनेट या अमेरिकी कंपनीचे साधारण बुटाच्या खोक्याएवढे असे दोनेकशे छोटे सॅटेलाइट जवळपास रोज सगळ्या जमिनीचा फोटो काढतात. आता पोखरणसारखं टाइमटेबल पाळून लपणं अवघड आहे. पण त्या छोट्या सॅटेलाइटचा पिक्सेल ३ मीटरहून थोडा मोठा असतो. एक ट्रक म्हणजे दोन-तीन ठिपके. तो दुधाचा टँकर आहे की क्षेपणास्त्र वाहून नेणारी गाडी, हे त्यावरून कोणी सांगू शकत नाही.

क्रिकेट मॅचला स्टेडियममध्ये बसून फोन बाहेर काढा. पूर्ण मैदान घेतलंत तर बॅट्समनचा चेहरा दिसत नाही, पूर्ण झूम केलंत तर चेहरा दिसतो पण तो कुठे आहे ते शोधण्यात ओव्हर संपते. लष्करी सॅटेलाइटचंही तेच आहे. आधी रुंद नजरेचा सॅटेलाइट काहीतरी संशयास्पद दाखवतो, मग तीक्ष्ण नजरेच्या सॅटेलाइटला तिकडे वळवतात. या दोन्हींच्या मध्ये कधी काही मिनिटं जातात, कधी काही तास. ट्रक तोवर चाळीस किलोमीटर पुढे.

जुलैमधली शेततळी

आता माझी गोष्ट. आम्ही जे सॉफ्टवेअर बनवलं होतं ते युरोपच्या सेंटिनेल-२ या सॅटेलाइटच्या मोफत फोटोंवर चालायचं. त्याचा पिक्सेल १० मीटरचा. तीस बाय तीस मीटरचं शेततळं म्हणजे फक्त नऊ पिक्सेल. उन्हाळ्याच्या फोटोंवर मॉडेल शिकवलं, छान चाललं, सगळे खूश. जुलैमध्ये एका तालुक्यातल्या तळ्यांचा आकडा एकदम वाढला. वरच्या लोकांना वाटलं पाऊस झाला, तळी भरली. मलाही तेच वाटलं, खोटं कशाला बोलू. मग एका शेतकऱ्याचा फोन आला, "साहेब, तुमच्या नकाशात जिथं तळं दाखवलंय ना, तिथं माझं सोयाबीन आहे."

ढगांची सावली होती ती. पाणी वरून काळपट दिसतं, ढगाची सावलीही काळपट दिसते. उन्हाळ्याच्या फोटोंत ढगच नव्हते, त्यामुळे मॉडेलने सावली कधी पाहिलीच नव्हती. आम्ही ढग काढून टाकणारा फिल्टर लावला होता, पण ढगापासून लांब पडलेली सावली त्यातून सुटली. माझ्या चुकीचा परिणाम काय झाला? एक फोन आणि एक लाजिरवाणी मीटिंग. हीच चूक युद्धात झाली असती तर त्या सोयाबीनवर काय पडलं असतं, हा विचार त्या दिवसापासून डोक्यातून गेलेला नाही.

कुठल्याही क्षणी पृथ्वीचा सुमारे दोन तृतीयांश भाग ढगांखाली असतो. साध्या कॅमेऱ्याला रात्रही चालत नाही. म्हणून रडार सॅटेलाइट आले. ते स्वतः रेडिओ लहरी सोडतात आणि परत येणारा प्रतिध्वनी पकडतात. ढग असो, रात्र असो, फरक पडत नाही. भारताने २००८ च्या मुंबई हल्ल्यानंतर एप्रिल २००९ मध्ये सोडलेला रिसॅट-२ याच जातीचा. २०२२ मध्ये युक्रेनमध्ये तर लोकवर्गणीतून जमलेल्या पैशातून एका संस्थेने फिनलंडच्या आइसआय कंपनीच्या रडार सॅटेलाइटची सेवा आपल्या सैन्यासाठी विकत घेतली.

या रडारची युक्ती मला फार आवडते. बारीक तपशील दिसायला खरं तर किलोमीटरभर लांब अँटेना हवा. तेवढा कोण वर नेणार? मग सॅटेलाइट छोटा अँटेना घेऊन पळतो, वाटेत हजारो प्रतिध्वनी गोळा करतो आणि गणिताने ते सगळे असे जोडतो की जणू अँटेना तेवढा लांब होता. फोनचा नाईट मोड अनेक फोटो जोडून एक करतो, काहीसं तसंच.

पण नाईट मोडमध्ये मधेच कोणी हललं तर काय होतं? तो माणूस भुतासारखा येतो. रडारमध्ये त्याहून विचित्र होतं. गणित असं धरून चालतं की खाली सगळं स्थिर आहे. एखादी गाडी सॅटेलाइटच्या दिशेने येत असेल तर तिच्या वेगामुळे प्रतिध्वनीत फरक पडतो आणि गणिताची फसगत होते. त्यामुळे ती गाडी फोटोत भलत्याच जागी उमटते. सॅटेलाइट ७०० किलोमीटर दूर असेल आणि गाडीचा त्याच्या दिशेने वेग सेकंदाला १० मीटर असेल, तर ती खऱ्या जागेपासून जवळपास ९०० मीटर सरकलेली दिसते. रडार फोटोंत आगगाडी रुळांशेजारच्या शेतातून चाललेली दिसते ती यामुळेच. उलट विचार करून खरी जागा आणि वेग दोन्ही काढता येतात, आणि धावत्या गाड्या अंतराळातून सतत टिपण्यावर अमेरिकेचं बरंच काम चालू आहे. मात्र कुठल्या रस्त्यावरची कुठली गाडी हे गर्दीत जुळवणं सोपं नाही.

दिसलं, पण समजलं का?

फेब्रुवारी २०२२ च्या शेवटी कीव्हच्या उत्तरेला रशियन गाड्यांचा सुमारे ६४ किलोमीटर लांब ताफा मॅक्सार कंपनीच्या फोटोंत दिसला. जगभरच्या बातम्यांत तो झळकला. आता कीव्ह पडणार असं कितीतरी जण म्हणाले. आणि ताफा पुढे सरकेचना. इंधनाचे आणि रसदीचे वांधे, मधले तुटलेले पूल, युक्रेनी तुकड्यांचे छोटे छोटे हल्ले, यातलं बरंचसं त्या फोटोत दिसत नव्हतं. फोटोने लांबी सांगितली, पोटातली भूक सांगितली नाही.

याहून जड किंमत इराकने मोजली. ५ फेब्रुवारी २००३ रोजी अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री कॉलिन पॉवेल यांनी संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेत सॅटेलाइट फोटो दाखवले. बंकरशेजारी उभा असलेला एक ट्रक दाखवून, हे रासायनिक अस्त्रांच्या जागेचं लक्षण आहे असं सांगितलं. युद्ध झालं, अस्त्रांचे साठे सापडले नाहीत. नंतर अमेरिकेच्याच चौकशी आयोगाने २००५ मध्ये एक गोष्ट नोंदवली, जी डेटावर काम करणाऱ्या प्रत्येकाने भिंतीवर लावावी. विश्लेषकांना संशयित ठिकाणी हालचाली वाढल्यासारख्या वाटत होत्या. पण त्या काळात त्या ठिकाणांचे फोटोच आधीपेक्षा जास्त वेळा काढले जात होते. जास्त वेळा बघितलं म्हणून जास्त ट्रक दिसले, आणि कोणाच्या ते लक्षात आलं नाही. पुढच्या युद्धात तर फोटो शंभर पटींनी जास्त असतील.

त्यात समोरचा मुद्दाम फसवणारा. २०२२ मध्ये युक्रेनने अमेरिकी हायमार्स रॉकेट गाड्यांच्या लाकडी प्रतिकृती उभ्या केल्या. युक्रेनी अधिकाऱ्यांच्या सांगण्यानुसार रशियाची निदान दहा क्रूझ क्षेपणास्त्रं त्यांच्यावर खर्ची पडली. आणि त्या पाहिल्या होत्या ड्रोननी, जे सॅटेलाइटपेक्षा कितीतरी जवळ असतात. रडारला फसवणं तर त्याहून स्वस्त. सायकलच्या मागचा रिफ्लेक्टर प्रकाश जिथून आला तिथेच परत पाठवतो ना? तसे धातूचे तीन पत्रे काटकोनात जोडले की रडारच्या फोटोत तो लखलखीत ठिपका होतो. ऑगस्ट २०२२ मध्ये रशियाने खेरसनजवळच्या अँतोनिव्स्की पुलाशेजारी पाण्यात असे रिफ्लेक्टर ठेवले असावेत, असं ब्रिटनच्या संरक्षण मंत्रालयाने सांगितलं होतं. पत्र्याच्या दुकानात मिळेल असा माल.

माझं सर्वांत आवडतं उदाहरण मात्र टायरचं. सप्टेंबर २०२३ मध्ये रशियाच्या एंगेल्स तळावरच्या अवाढव्य बॉम्बर विमानांच्या पंखांवर जुने टायर रचलेले दिसले. लोक हसले. हे काय, भंगारवाल्याकडून संरक्षण? वर्षभराने अमेरिकेच्या सेंट्रल कमांडच्या मुख्य तंत्रज्ञान अधिकाऱ्यांनी सांगितलं की पंखांवर टायर ठेवले की कॉम्प्युटर व्हिजनच्या अनेक मॉडेलना ते विमान आहे हे ओळखणं अवघड जातं. माणसाला एका नजरेत कळतं, हे विमान आहे आणि त्यावर कोणीतरी टायर ठेवलेत. मॉडेलने टायरवालं विमान कधी पाहिलेलं नसतं. माझ्या मॉडेलने सावली पाहिलेली नव्हती, तसंच.

फोटो खाली येईपर्यंत

मग मॉडेल वापरूच नका, माणसं बसवा, असं म्हणाल तर आकडे बघा. दहा बाय दहा किलोमीटरचा एक चौकोन ३० सेंटीमीटर पिक्सेलने टिपला तर १११ कोटी पिक्सेल होतात. दर पिक्सेलला ११ बिट धरले तर साधारण दीड जीबी, तेही फक्त काळा-पांढरा. महाराष्ट्राचं क्षेत्रफळ ३,०७,७१३ चौरस किलोमीटर, म्हणजे असे तीन हजारांहून जास्त चौकोन, साडेचार टीबीच्या वर. एकदाच. दिवसातून दहा वेळा बघायचं असेल तर दहाने गुणा. हे डोळ्यांनी तपासायला किती माणसं लागतील?

आणि आधी तो डेटा खाली तर आला पाहिजे. सॅटेलाइट ग्राउंड स्टेशनच्या नजरेत असतो तेवढ्याच मिनिटांत तो पाठवावा लागतो. सेकंदाला १ गिगाबिटचा वेग आणि आठ मिनिटं धरली तर ६० जीबी, म्हणजे वरचे चाळीसेक चौकोन. कॉम्प्रेशनने यात बरीच सुधारणा होते, सॅटेलाइट एकमेकांना लेझरने डेटा देऊ लागलेत त्यानेही होते. पण मूळ अडचण तशीच राहते. वर दिसतं खूप, खाली येतं थोडं, समजतं त्याहून थोडं.

म्हणून आता मॉडेल वरच बसवायला सुरुवात झाली आहे. युरोपच्या फाय-सॅट-१ या प्रयोगात सप्टेंबर २०२० मध्ये एक छोटी एआय चिप वर गेली. तिचं काम साधं होतं: ढगांनी भरलेले फोटो वरच ओळखायचे, म्हणजे ते खाली पाठवण्यात वेळ जाणार नाही. छान कल्पना आहे, आमच्याकडे असती तर आम्ही नाचलो असतो. पुढची पायरी उघड आहे. फोटो पाठवूच नका, फक्त निष्कर्ष पाठवा: 'या अक्षांश-रेखांशावर रणगाडा, खात्री ९१ टक्के'. दीड जीबीच्या जागी एका एसएमएसएवढा मजकूर. काही सेकंदांत तोफेपर्यंत पोहोचेल.

इंजिनिअर म्हणून मला हे फार मोहक वाटतं आणि मला याची भीतीही वाटते. शेततळ्याच्या वेळी शेतकऱ्याने फोन केल्यावर आम्ही मूळ फोटो उघडला आणि पाच मिनिटांत कळलं की सावली आहे. मूळ फोटो होता म्हणून कळलं. जो सॅटेलाइट फोटो खाली पाठवतच नाही, त्याचा निष्कर्ष तपासणार कशाने? आणि ते '९१ टक्के' काय असतात तेही सांगतो. मॉडेलने आधी पाहिलेल्या फोटोंच्या हिशोबाने काढलेला तो आकडा आहे. टायर, लाकडी गाडी, ढगाची सावली समोर आली की मॉडेल तितक्याच आत्मविश्वासाने चूक सांगतं. माझ्या मते येणाऱ्या युद्धांत सॅटेलाइट टेहळणीची सर्वांत अवघड बाजू हीच आहे. दिसणं नव्हे, तर वेळेत तपासणं.

सॅटेलाइटच नसेल तर?

वर जे आहे ते पाडताही येतं. चीनने ११ जानेवारी २००७ रोजी स्वतःचाच एक जुना हवामान सॅटेलाइट ८५० किलोमीटरहून जास्त उंचीवर फोडला आणि ट्रॅक करता येतील असे ३,००० हून जास्त तुकडे झाले. त्यातले बरेच अजून फिरतायत. भारताने २७ मार्च २०१९ च्या 'मिशन शक्ती'मध्ये मुद्दाम ३०० किलोमीटरच्या आसपासचं खालचं लक्ष्य निवडलं, म्हणजे तुकडे लवकर खाली येऊन जळतील. रशियाने १५ नोव्हेंबर २०२१ रोजी कॉसमॉस-१४०८ उडवला तेव्हा अंतराळ स्थानकातल्या लोकांना आपल्या यानांत जाऊन बसावं लागलं, त्यात रशियाचेही अंतराळवीर होते.

पण फोडणं हा महागडा आणि गाजावाजा करणारा मार्ग झाला. गुपचूप मार्ग जमिनीवरून जातो. २४ फेब्रुवारी २०२२ रोजी, युक्रेनवर हल्ला सुरू होण्याच्या तासभर आधी, व्हायासॅटच्या केए-सॅट या इंटरनेट सॅटेलाइटच्या जाळ्यावर सायबर हल्ला झाला. वरचा सॅटेलाइट ठणठणीत होता. जमिनीवरचे हजारो मोडेम मात्र एका चुकीच्या अपडेटसारखे निकामी झाले. जर्मनीतल्या ५,८०० पवनचक्क्यांवर लांबून लक्ष ठेवण्याची सोयही त्यात गेली. टेहळणी सॅटेलाइटचाही डेटा शेवटी कुठल्यातरी ग्राउंड स्टेशनच्या सर्व्हरवरच उतरतो.

आणि तिसरा मार्ग सगळ्यात सोपा: मालकाने बटण बंद करणं. मार्च २०२५ मध्ये अमेरिकेने युक्रेनला गुप्त माहिती देणं काही दिवस थांबवलं, तेव्हा अमेरिकी सरकारच्या व्यवस्थेतून मिळणारे मॅक्सारचे फोटोही युक्रेनी वापरकर्त्यांना बंद झाले. युद्ध चालू असताना. म्हणून प्रत्येक देशाला स्वतःचे सॅटेलाइट हवेत. भारताने २०२४ मध्ये ५२ टेहळणी सॅटेलाइटच्या योजनेला मंजुरी दिली, ती याच विचाराची आहे. आपल्याकडे कार्टोसॅट-३ सारखा सुमारे २५ सेंटीमीटर रिझोल्यूशनचा सॅटेलाइट २०१९ पासून आहे, पण संख्या कमी पडते. त्यात १८ मे २०२५ रोजी पीएसएलव्हीचं उड्डाण तिसऱ्या टप्प्यात फसलं आणि ईओएस-०९ हा रडार सॅटेलाइट गेला. भावाने तेव्हा विचारलं होतं, "एकच तर गेला ना?" एक गेला म्हणजे ढगांच्या दिवसांत आणि रात्री, त्या कक्षेतून जे फोटो मिळाले असते ते सगळे गेले.

हे सगळं मी सांगतोय म्हणून मानू नका, स्वतः बघा. कोपर्निकस ब्राउझर नावाची युरोपची मोफत वेबसाइट आहे, फोनवरही चालते, लॅपटॉपवर जास्त बरी. तिथे तुमचं गाव शोधा आणि जुलैमधली कुठलीही तारीख लावा. सेंटिनेल-२ निवडलंत तर बहुतेक वेळा नुसता पांढरा कापूस दिसेल. आता सेंटिनेल-१ हा रडार सॅटेलाइट निवडा. त्याच दिवसांतलं गाव करड्या रंगात दिसेल, तलाव काळे, घरं चमकदार. मग पश्चिम आशियातल्या एखाद्या लष्करी तळाकडे जा आणि वेगवेगळ्या तारखा लावत राहा. काही फोटोंत मधूनच रंगीत पट्टे आडवे गेलेले दिसतील. २०१८ मध्ये एका संशोधकाच्या लक्षात आलं की यातले काही पट्टे खालच्या पॅट्रियट क्षेपणास्त्र यंत्रणेच्या रडारमुळे पडतात, दोघांच्या लहरी एकाच पट्ट्यात येतात म्हणून. रडार सॅटेलाइटचा फोटो बिघडवतं आणि त्याच बिघाडातून स्वतःचा पत्ता सांगून बसतं.

भावाला मी ही लिंक पाठवली. त्याने आधी मामाची विहीर शोधली.